निर्व्यसनी माणसांची व्यसनमुक्ती

महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा दारू सोडलेला इसम शोधायला निघालात, तर तो तुम्हाला सातवी 'ब'मध्ये सापडेल. वय वर्षं बारा. घरी अजून चहासुद्धा अर्धाच कप मिळतो. पण या गृहस्थाने पहिलीपासून दर २६ जूनला अमली पदार्थ सोडले आहेत आणि दर २ ऑक्टोबरला दारू सोडली आहे. ३१ मेचा जागतिक तंबाखूविरोधी दिन खरं तर भर उन्हाळ्याच्या सुटीत येतो. पण 'फोटो आजच अपलोड करणे' असा निरोप आल्यामुळे मामाच्या गावाला निघालेल्या एसटीतून उतरवून त्याच्याकडून तंबाखूही सोडवून घेतलेली आहे. दहावी होईपर्यंत हा मुलगा जेवढी दारू सोडेल, तेवढी त्याच्या आजोबांनी हयातभरात प्यायलीही नसेल. आणि आजोबा काही कमी नव्हेत.

आजोबांकडे मात्र अजून कुणी शपथेचा कागद घेऊन गेलेलं नाही. ते पारावर बसलेले असतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण कार्यक्रम शाळेत असतो. आपल्या सरकारी व्यसनमुक्तीचं हे वैशिष्ट्य मी पुष्कळ वर्षं जवळून पाहत आलो आहे. व्यसन असलेला माणूस सोडला, तर बाकी सगळ्यांपर्यंत ती पोचलेली आहे.

जवळून म्हणजे व्यासपीठावरून. कारण अशा कार्यक्रमांचा मी प्रमुख पाहुणा असतो. डॉक्टरांना वेळ नसतो, पुढाऱ्यांना आचारसंहिता असते आणि कीर्तनकारांची बिदागी अंदाजपत्रकात बसत नाही, तेव्हा पाळी लेखकावर येते. पाहुण्याची पात्रता तीन गोष्टींवर ठरते : तो पीत नसावा, निदान गावात पीत नसावा, आणि येताना स्वतःच्या गाडीने यावा. लेखक आणि दारू यांचं नातं समाजाला ठाऊक असताना सरकारने हा विश्वास दाखवावा, याचं मला कौतुक वाटतं. सामाजिक न्याय विभाग तर राज्यस्तरीय व्यसनमुक्ती साहित्य संमेलनही भरवत आला आहे. ज्याने ही कल्पना पहिल्यांदा फायलीवर मांडली, त्याच्या धाडसाला माझा नमस्कार.

कार्यक्रमाची सुरुवात पत्राने होते. पत्र दिल्लीहून मंत्रालयात, मंत्रालयातून पुण्याला आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्रप्रमुखांना आणि केंद्रप्रमुखांकडून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर असं उतरत उतरत येतं. वरच्या प्रत्येक कार्यालयात ते निवांत राहिलेलं असतं. खाली येताना मात्र त्याच्यावर एकेक शिक्का चढतो. आधी 'तात्काळ', मग 'अतितात्काळ', मग लाल शाईत 'वैयक्तिक लक्ष द्यावे'. २६ तारखेच्या कार्यक्रमाचं पत्र २५ ला संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर पोचतं, तेव्हा शिपाईमामा कुलूप लावत असतात.

"मामा, उद्या रॅली आहे."

"कशाची, सर?"

"थांबा, बॅनर आला की कळेल."

२६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. तीच राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणून तोच आपल्याकडे सामाजिक न्याय दिन. त्यामुळे दिंडी एकच निघते, अहवाल दोन जातात. पुढे महाराजांची प्रतिमा, मागे नशामुक्तीचा फलक, आणि दोन्हींचे फोटो वेगवेगळे यावेत म्हणून मधे दहा फुटांची मोकळी जागा. या जागेत सहसा पाचवीचा वर्ग चालतो. तो कुठल्याच अहवालात येत नाही.

रॅली मुख्य रस्त्याने जाते आणि मुख्य रस्त्यावर जे असायचं ते असतंच. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' या पाटीसमोर मुलं जोरात ओरडतात, 'दारू सोडा, संसार जोडा!' आत बसलेली दोन-चार माणसं मान डोलावून दाद देतात. मालक स्वतः बाहेर येऊन मुलांना पाण्याच्या बाटल्या वाटतात. अशा एका रॅलीत एका मुलीने सरांना विचारलेलं मी ऐकलं आहे.

"सर, सरकारमान्य म्हणजे सरकारला चालतं?"

"हो."

"मग आपली रॅली?"

"तीपण सरकारमान्यच आहे. रांग सोडू नकोस."

खरी परीक्षा फोटोची. फोटो अक्षांश-रेखांशासकट लागतो, म्हणजे जागा बदलून चालत नाही. पूर्वेकडे तोंड करून मुलं उभी केली तर मागे देशीचं दुकान येतं. पश्चिमेकडे वळवली तर परमिट रूम. दक्षिणेला पानटपरी. उत्तरेला नगरपालिकेची स्वच्छ भिंत होती, म्हणून मुलं तिच्यासमोर उभी केली. भिंतीवर 'थुंकू नका' एवढी अक्षरं वाचता येत होती, बाकी लाल होतं. शेवटी सर टेम्पोच्या टपावर चढले आणि वरून फोटो काढला. त्यात नुसती डोकी दिसत होती. केंद्रप्रमुखांनी तो 'उत्कृष्ट' म्हणून पुढे पाठवला.

फोटोबरोबर तक्ता जातो. कार्यक्रमाचं नाव, दिनांक, स्थळ, उपस्थिती पुरुष, उपस्थिती स्त्री, एकूण, फोटो एक, फोटो दोन, वृत्तपत्राचं कात्रण, शेरा. हा तक्ता मी नीट वाचला आहे. कुणी दारू सोडली का, हा रकाना त्यात नाही. शेऱ्यात लिहिता येईल, पण शेऱ्यात सगळे 'निरंक' लिहितात.

१५ ऑगस्ट २०२० रोजी केंद्राने 'नशामुक्त भारत अभियान' सुरू केलं, तेव्हा देशातले २७२ जिल्हे जास्त धोक्याचे म्हणून निवडले होते. धोका कुठे आहे हे आधी पाहायचं आणि मग तिथे जायचं, ही कल्पना रास्तच होती. पण धोका कागदावर उतरला की तो आकडा होतो आणि आकड्याला उद्दिष्ट जोडलं की तो धावायला लागतो. आता शपथ ऑनलाइनही घेता येते. नाव भरलं, बटण दाबलं की प्रमाणपत्र. आमच्या ओळखीच्या एका कार्यालयात एका कारकुनाने उद्दिष्ट पूर्ण व्हावं म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांची शपथ स्वतःच घेऊन टाकली. त्यांतले दोघे तेव्हा रजेवर होते आणि एक त्याच कारणासाठी रजेवर होता.

हे सगळं ज्या बैठकीत तपासलं जातं, तिला आढावा म्हणतात. जिल्हाधिकारी मध्यभागी. भोवती राज्य उत्पादन शुल्क, पोलीस, समाजकल्याण, जिल्हा शल्यचिकित्सक, अन्न व औषध प्रशासन आणि शिक्षण. कामाची वाटणी स्पष्ट आहे. दारू उत्पादन शुल्काकडे, गांजा पोलिसांकडे, गुटखा अन्न व औषधकडे, बिडी-तंबाखू आरोग्याकडे, प्रबोधन समाजकल्याणकडे आणि शपथ शिक्षणाकडे. आता एखादा माणूस देशी पितो, गुटखा खातो आणि वर बिडीही ओढतो. असा माणूस रस्त्याकडेला पडलेला सापडला, तर आधी पंचनामा करावा लागेल, कुठला अवयव कुठल्या खात्याचा म्हणून. पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठी एक फोन नंबर असतो, दारूसाठी केंद्राचा दुसरा, १४४४६. दोन्ही सोडायचं असेल तर आधी कुठला लावायचा, हे ठरेपर्यंत माणूस एक बिडी पेटवतो.

उत्पादन शुल्काचे अधीक्षक आधी उभे राहतात. "साहेब, गेल्या वर्षीपेक्षा महसुलात वाढ आहे."

"अभिनंदन."

समाजकल्याणचे सहायक आयुक्त उठतात. "साहेब, जनजागृतीच्या कार्यक्रमांतही वाढ आहे."

"अभिनंदन."

मग जिल्हा शल्यचिकित्सक. "साहेब, दारूच्या आजारांचे रुग्णही वाढलेत."

"अभिनं…" साहेब ओघात बोलून जातात, मग चष्मा काढून पुसतात. "नोंद घ्या."

साहेबांचाही दोष नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट केलं, देशीवरचं प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ वर नेलं, आणि त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा येतील असा अंदाज बांधला. दारू महागली की लोक कमी पितील, हे आरोग्याचं गणित. दारू महागली की तिजोरी भरेल, हे अर्थखात्याचं. दोन्ही उत्तरं एकदम बरोबर यायची तर पिणाऱ्याने कमी प्यायचं आणि पैसे मात्र जास्त मोजायचे. आणि पिणारा बिचारा सरकारला नाराज करत नाही. तो निदान दुसरा अर्धा भाग इमानेइतबारे पार पाडतो. ते जादा पैसे पगारातून येत नाहीत, वाण्याच्या यादीतून येतात. यादीतली आधी तूरडाळ अर्धी होते, मग तेल, मग पोराची वही.

बैठकीत एक प्रश्न दरवेळी निघतो : जिल्ह्यात पिणारे नेमके किती? सगळे एकमेकांकडे पाहतात. खरं तर हा आकडा सरकारजवळ तयार असायला हवा. आपल्याकडे दारूची दुकानं ज्या कायद्याखाली चालतात, त्याचं नाव दारूबंदी अधिनियम, १९४९. घटनेच्या ४७ व्या कलमानेही राज्याने दारूबंदीसाठी झटावं असं सांगून ठेवलं आहे. या कायद्याने दारू बंद केली आणि परवाना चालू केला. पिणाऱ्याजवळ परवाना हवा. एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन. विदेशीसाठी एका दिवसाचे पाच रुपये, देशीसाठी दोन. आजीवन हजारात. वयाची अटही आहे. बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. एके काळी या परवान्याला 'हेल्थ परमिट' म्हणत, आणि लोक ते डॉक्टरचा दाखला जोडून, गंभीर चेहऱ्याने घेत.

कायदा अक्षरशः पाळला गेला असता, तर राज्यातल्या प्रत्येक पिणाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोटो सरकारदरबारी असता. शेतकऱ्यांच्या, रेशनकार्डांच्या, कशाकशाच्या याद्या चुकतात. ही एक यादी बिनचूक झाली असती. घरोघर जाऊन 'तुम्ही पिता का हो?' असं विचारायची गरज उरली नसती. पण पारावर बसणारे आमचे आजोबा परवाना काढत नाहीत. ज्याच्याजवळ आजीवन परवाना आहे असा एकच गृहस्थ मी पाहिला. तो निवृत्त न्यायालयीन अधीक्षक असून पीत नाही. नियमात राहायची सवय म्हणून त्याने काढून ठेवला आहे. म्हणजे इथेही यादीत आला तो निर्व्यसनीच.

पिणारा सापडत नाही म्हटल्यावर सरकार वस्तूच्या मागे लागतं. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अशी बंदी एका वेळी वर्षभरापुरतीच घालता येते. म्हणून ती दरवर्षी नव्याने घालावी लागते. रोज सोडतो म्हणणाऱ्या माणसाची आपण चेष्टा करतो. सरकार वर्षातून एकदाच सोडतं, हा फरक. उत्पादकांनी सुपारी-मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची वेगळी पुडी काढली, आणि संगम गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोपवला. तळहात कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही.

शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये, असा नियम आहे. ती हद्द दिसावी म्हणून रस्त्यावर पिवळी रेषा ओढतात. आमच्याकडची टपरी या रेषेला धरून, एका वितीने बाहेर सरकली. पूर्वी तिला पत्ता नव्हता. आता 'पिवळ्या रेषेजवळ' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो. हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला, तेव्हा केरळात एका बारमालकाने दारापुढे चक्रव्यूह उभारला, म्हणजे गिऱ्हाइकाचं चालणं पाचशे मीटर भरावं. जाताना तो व्यूह भेदता येत असेलही. परतताना अभिमन्यूचं काय होत असेल, कळत नाही. आपल्याकडे काही शहरांत त्याहून सोपा मार्ग निघाला. दारू जागची हलली नाही. रस्त्यालाच राज्यमार्ग पदावरून उतरवून पालिकेच्या ताब्यात दिलं.

या सगळ्या कागदी पसाऱ्यात एक तरतूद मात्र अशी आहे की तिच्यापुढे मी विनोद जरा आवरता घेतो. गावातल्या बायकांनी ठरवलं तर गावचं दुकान बंद करता येतं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद. ज्यांचं घर बुडतं त्यांच्याच हातात शिक्का देणारा सरकारी कार्यक्रम मला तरी दुसरा ठाऊक नाही.

पण आवरता घेतलेला विनोद नियमाच्या पुढच्या ओळीतच आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी आली नाही ती उभ्या बाटलीची. ऊसतोडीला गेलेली उभ्या बाटलीची. लग्न होऊन सासरी गेलेली, पण नाव न कमी झालेली, उभ्या बाटलीची. आणि नवऱ्याच्या दारूपायी झिजून वारलेली आजी, यादीत नाव राहून गेल्यामुळे, मेल्यानंतरही बाटली उभीच ठेवते. एवढं असूनही कित्येक गावांतल्या बायकांनी बाटली आडवी केली. यंत्रणेने अडथळ्यांची शर्यत आखली आणि त्या नऊवारीत धावून जिंकल्या.

हे झालं गावाचं. माणसाचं काय? त्याच्यासाठी मार्च महिन्यात पथनाट्य असतं. निधी जूनमध्ये मंजूर होतो, फेब्रुवारीअखेर खात्यावर येतो आणि ३१ मार्चला परत जायला निघतो. त्यामुळे व्यसनमुक्तीचा हंगाम आंब्याच्या मोहोराबरोबर येतो. फ्लेक्स, कलापथकं, रिक्षावरचे भोंगे. एका तालुक्यात एकाच दिवशी तीन खात्यांची तीन पथनाट्यं एकाच चौकात आली होती आणि तिन्हींतला दारुडा एकच नट करत होता. दुपारी तो समाजकल्याणच्या वतीने मेला, चार वाजता आरोग्याच्या वतीने त्याचं यकृत गेलं आणि संध्याकाळी पोलिसांनी त्याला पकडला.

त्या संध्याकाळच्या खेळाला मी प्रमुख पाहुणा होतो. नट झोकांड्या खात होता, पोरं हसत होती. एवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. पायजमा मळलेला, वास दुरून सांगत होता. रिंगणात शिरून त्याने नटाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत कळकळीने म्हणाला, "असं नाय, दादा. असं नाटकात पडतात. पाय आधी असा अडकतो, मग माणूस भिंत शोधतो. भिंत नसली की मग हात." आणि त्याने करून दाखवलं. चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. नटानेही वाकून नमस्कार केला.

मी इतके कार्यक्रम पाहिले, पण कार्यक्रम ज्याच्यासाठी होता तो माणूस कार्यक्रमाला हजर असल्याचं ते एकच उदाहरण. आयोजकांची मात्र धांदल उडाली. "अहो, त्याला बाजूला घ्या, फोटोत येतोय!" दोन स्वयंसेवकांनी त्याला अदबीने फ्रेमच्या बाहेर नेलं. मग शपथ झाली. चौकातल्या सगळ्यांनी हात पुढे करून दारू सोडली. तो एकटा पारापलीकडे उभा राहून आमच्याकडे पाहत होता.

२०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. दारूच्या पुरते आहारी गेलेल्यांपैकी कसला का होईना उपचार मिळालेला माणूस अडतीसांत एक. उरलेले सदतीस कुठे आहेत, असा प्रश्न बैठकीत कुणी विचारला तर उत्तर सोपं आहे : फ्रेमच्या बाहेर.

तो जो एक पोचतो, तो कुणामुळे पोचतो हे पाहायचं असेल तर एखाद्या अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रात जावं. महाराष्ट्राला या कामाची वाट जुनी आहे. १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हा पु. ल. देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले होते. तिथून बरे झालेले लोकच पुढे समुपदेशक झाले, कारण बाटलीचे सगळे बहाणे त्यांना तोंडपाठ होते. तशाच एका लहान जिल्हा केंद्रातले एक समुपदेशक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचा पगार अनुदानावर, अनुदान प्रस्तावावर आणि प्रस्ताव त्रुटीच्या पूर्ततेवर अवलंबून असतो. केंद्राच्या कपाटात पेशंटच्या औषधांपेक्षा रजिस्टरं जास्त आहेत.

एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. सातच्या सुमाराला त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला एकच प्रश्न. "काय भाऊ, जेवलात का?" "वहिनी, जेवले का ते?" दुसरं काही नाही. ना उपदेश, ना शपथ. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "सात ते नऊ हीच वेळ वाईट असते. पोट भरलं की ओढ निम्मी होते. दोन घास पोटात गेले की आजचा दिवस निघाला."

"हे अहवालात कुठे दाखवता?"

"'जेवणाची चौकशी' असा रकाना कुठंय?" ते हसले. "रकाना आहे 'व्यसनमुक्त झालेल्यांची संख्या'. महिन्याच्या महिन्याला. आता एकाने दहा तारखेला सोडली, पंचविसाला स्लिप झाली, तिसाला परत आला. त्याला किती धरू?"

"तुम्ही किती धरता?"

"वरून सांगितलंय, परत आला तर नवीन लाभार्थी धरा."

त्या हिशेबाने दोनदा घसरून परत आलेला माणूस म्हणजे तीन यशोगाथा, आणि पहिल्याच फटक्यात कायमची सोडणारा अभागी फक्त एक. स्लिप तर जिल्ह्यालाही होते. चंद्रपूर जिल्ह्याने १ एप्रिल २०१५ ला सोडली होती. २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली. सुटणं आणि घसरणं यांचा हिशेब केंद्रातली माणसं दिवसावर ठेवतात. आजचा दिवस प्यायलो नाही, झालं. कार्यालयं तोच हिशेब आर्थिक वर्षावर ठेवतात. दोन्ही कॅलेंडरं एका भिंतीवर टांगलेली आहेत, पण त्यांची तारीख कधी जुळत नाही.

यावर माझी एक नम्र सूचना आहे. ती मी पुढच्या आढावा बैठकीत मांडणार आहे, प्रमुख पाहुण्याचं कुणी ऐकत नसलं तरी. शासनाने एकच निर्णय काढावा. विषय : निर्व्यसनी व्यक्तींना व्यसनमुक्तीची शपथ घेण्यास मनाई करणेबाबत. संदर्भ हवे तितके द्यावेत. सातवी 'ब' तातडीने वगळावी. शिक्षक, कारकून, प्रमुख पाहुणे, सगळे वगळावेत. शपथ ज्याला सोडायची आहे त्याचीच धरली जाईल, आणि उद्दिष्ट मात्र आहे तेवढंच राहील.

काय होईल, मला दिसतंय. पहिल्या महिन्यात सगळ्या तालुक्यांचं काम 'निरंक' होईल. दुसऱ्या महिन्यात कारणे दाखवा नोटिसा निघतील. तिसऱ्या महिन्यात सरकारी गाड्या, इतिहासात प्रथमच, पिणाऱ्याचं घर विचारत गल्लीबोळांतून फिरू लागतील. विस्तार अधिकारी पारावर जातील, आजोबांशेजारी बसतील, 'आजोबा, निदान एक शपथ तरी घ्या हो' म्हणून अजिजी करतील. आणि चौकातल्या त्या माणसाला, ज्याला आम्ही फोटोतून बाहेर काढलं होतं, शोधत अख्खी यंत्रणा पारावर येईल.

त्याचं उत्तरही मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो होतो. मी विचारलं, "भाऊ, सोडावीशी वाटत नाही का?"

"वाटती की, साहेब. रोज वाटती."

"मग?"

"वाटती ती येळ चुकीची हाय. उठल्याव, सहा-साडेसहाला, हात कापत असतो, बायकू चुलीपाशी रडत असती, तवा पक्कं वाटतं की बास झालं. त्या टायमाला कुणी आलं तर मी कुटंबी सही करीन. तेवढा एक तास मी तुमच्याच बाजूचा असतो. मग उजाडतं, आन् मी त्यांच्या बाजूला जातो."

त्याने वेळ नेमकी सांगितली, ठिकाण सांगितलं, सही करायची तयारीही दाखवली. एवढा तयार लाभार्थी कुठल्या योजनेला मिळतो? अडचण किरकोळ आहे, आणि ती दूर करायला फक्त एक शासननिर्णय लागेल. आपली कार्यालयं पावणेदहाला उघडतात.